बेटूसची रिकामी पेटी

२०१२ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या भाचीचा बर्मिंगहॅमहून फोन आला. लग्न होऊन तिला तिकडे जाऊन दीड वर्ष झालं होतं. फराळाचं पार्सल पोचल्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, इथे पोलीस कमिशनर निवडून देतात म्हणे. माझ्या नावाचं मतदानाचं कार्ड आलंय. मी तर इथली नागरिकसुद्धा नाही!"

दुसऱ्या शंकेचं उत्तर मला देता आलं. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या निवडणुकांत मत देता येतं, भारतीय पासपोर्ट असला तरी. पण पोलीस कमिशनर निवडून देतात म्हणजे काय, हे मला सांगता येईना. आपल्या डोळ्यांपुढे कमिशनर म्हटलं की खाकी गणवेशातला, आयपीएस झालेला अधिकारी येतो. तो निवडून द्यायचा म्हणजे कलेक्टर निवडून देण्यासारखंच. "वाचून सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि मनातून ओशाळलो.

ओशाळण्याचं कारण असं. मी टपाल खात्यात नोकरी करणारा माणूस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही; जे काही वाचलं ते शनिवार-रविवार आणि साठवलेल्या रजा खर्चून. त्या काळात माझा विषय होता मुंबई महापालिका आणि पोलीस खर्चाचा वाद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहराच्या पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा महापालिकेने उचलायचा आणि पोलिसांवर हुकमत मात्र सरकारची, अशी व्यवस्था होती. फिरोजशहा मेहता या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडले. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलीस खर्चाचा बोजा सरकारने आपल्याकडे घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीची जबाबदारी महापालिकेकडे आली. यावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य मोठ्या तोऱ्यात होतं: इंग्लंडमधल्या गावांना आपल्या पोलिसांवर लोकशाही नियंत्रण होतं, ते मुंबईला नाकारलं गेलं. भाचीच्या फोनने त्या वाक्यातला पोकळपणा मला दिसला. तिथल्या लोकांना ते नियंत्रण कसं वाटत होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आधी भाचीला आलेल्या कार्डाचा खुलासा करतो. २०११ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या ४१ पोलीस क्षेत्रांसाठी 'पोलीस अँड क्राइम कमिशनर' हे नवं पद निर्माण झालं. लंडन त्यात नव्हतं, तिथे ते काम महापौराकडे आहे. हा कमिशनर पोलीस नसतो, नागरिकांतून निवडलेला असतो. पोलिसांचा खरा प्रमुख चीफ कॉन्स्टेबल. त्याला नेमायचं, वेळ आली तर काढायचं, पोलिसांचं अंदाजपत्रक ठरवायचं, स्थानिक करातला पोलिसांचा हिस्सा ठरवायचा आणि पोलिसांनी कशाला प्राधान्य द्यावं याचा आराखडा करायचा, हे कमिशनरचं काम. कोणाला अटक करायची, कोणता तपास कसा करायचा, यात त्याने पडायचं नाही. सरकारचा युक्तिवाद सरळ होता. आधी पोलिसांवर देखरेख ठेवणारी 'पोलीस प्राधिकरणं' होती, पण ती अस्तित्वात आहेत हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आता लोकांना एक ओळखीचा चेहरा मिळेल. काम आवडलं नाही तर चार वर्षांनी त्याला घरी बसवता येईल.

१५ नोव्हेंबर २०१२ ला मतदान झालं. ४१ क्षेत्रांत मिळून १५ टक्के. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने नोंदवलं की स्थानिक संस्थांच्या निवडणुका सोडल्या तर शांततेच्या काळात देशात इतका नीचांक कधी झाला नव्हता. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात बेटूस नावाची एक वस्ती आहे. तिथल्या एका मतदान केंद्रावर दिवसभरात एकही माणूस आला नाही. पेटी उघडली तेव्हा आत एकही कागद नव्हता.

ही बातमी वाचून मी आधी हसलो, मग बराच वेळ तिच्यापाशी थांबलो. सोप्या कारणांची यादी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आहे. नोव्हेंबरातला अंधार आणि गारठा. उमेदवारांची माहिती सरकारने घरोघर पाठवली नाही, संकेतस्थळावर टाकली; ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी फोन करून मागवायची. उमेदवाराची अनामत पाच हजार पौंड, खासदारकीला ती पाचशे आहे. ही कारणं खरी आहेत. पण जे केंद्रावर गेले त्यांच्यातही रद्द झालेल्या मतांचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं, आणि काहींनी मतपत्रिकेवर शेरे लिहून ठेवले होते: पोलिसांत राजकारण नको. थंडीमुळे घरी बसलेला माणूस असं लिहायला केंद्रापर्यंत जात नाही. हा अविश्वास कुठून आला, ते पाहायला मला मागे जावं लागलं.

१८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनचं पोलीस दल उभारलं ते थेट गृहमंत्र्याच्या हाताखाली. लंडनच्या पॅरिशांची तेव्हाची तक्रार मुंबईच्या नगरसेवकांच्या तक्रारीसारखीच होती: कर आम्ही भरायचा आणि हुकूम दुसऱ्याचा. लंडनबाहेर मात्र वेगळं घडलं. १८३५ च्या कायद्याने शहरांत निवडून आलेली कौन्सिलं आली आणि प्रत्येक कौन्सिलने आपल्यातून 'वॉच कमिटी' नेमावी असं ठरलं. शिपाई भरती करायचे, काढायचे, नियम करायचे, सगळं या कमिटीच्या हाती. माझ्या जुन्या लेखातलं 'लोकशाही नियंत्रण' ते हेच. मताचा हक्क तेव्हा कर भरणाऱ्या पुरुषांपुरता होता, हे त्या लेखात लिहायचं मी सोयीने विसरलो होतो.

वॉच कमिटी काय करू शकत होती, याचं उत्तम उदाहरण लिव्हरपूलचं आहे. तिथल्या पोलिसांचं धोरण वेश्याव्यवसाय एका भागात आटोक्यात ठेवण्याचं होतं. १८९० मध्ये वॉच कमिटीने पोलीसप्रमुख नॉट-बॉवर याला हुकूम दिला की शहरातल्या सगळ्या कुंटणखान्यांवर खटले भरा. त्याला हे शहाणपणाचं वाटत नव्हतं, तरी त्याने हुकूम पाळला. आज ज्याला 'तपासाचं स्वातंत्र्य' म्हणतात त्याचा मागमूस तिथे नाही. नगरसेवकांनी सांगावं, पोलीसप्रमुखाने करावं. सुधारकांना त्यात लोकांचा विजय दिसला. पण ज्या कमिटीला खटले भरायला लावता येतात तिला खटले न भरायलाही लावता येतं, आणि त्या काळच्या नगर कौन्सिलांत दारूच्या धंद्याचं वजन किती होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांना नगरसेवकांपासून वाचवलं पाहिजे, हा विचार इथूनच वाढत गेला.

तो पक्का झाला नॉटिंगहॅममध्ये. मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत नाट्यमय प्रकरण हेच वाटतं. कॅप्टन अ‍ॅथेल्स्टन पॉपकेस १९३० पासून तिथला चीफ कॉन्स्टेबल होता. १९५९ पर्यंत एकोणतीस वर्षं. कौन्सिलच्या काही सदस्यांवर गैरव्यवहाराचे आरोप होते आणि त्याने लंडनच्या पोलिसांकडून चौकशी सुरू केली. वॉच कमिटीने त्याच्याकडे त्या चौकशीचा अहवाल मागितला. म्हणजे ज्यांच्या सहकाऱ्यांची चौकशी चालली आहे तेच तपास कुठवर आला ते विचारत होते. पॉपकेसने नकार दिला. कमिटीने त्याला निलंबित केलं. गृहमंत्री बटलर मध्ये पडले, कमिटीला माघार घ्यावी लागली, पॉपकेस परत आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस निवृत्त झाला. कौन्सिलच्या कोणावरही खटला उभा राहिला नाही. त्यामुळे कमिटीची बाजूही अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही: खोट्या संशयाने पछाडलेल्या पोलीसप्रमुखाला मग जाब विचारायचा कोणी? हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा ऐकून घेतला नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की निवडून आलेल्यांनी आपली चौकशी करणाऱ्या पोलिसालाच घरी बसवलं.

अशा आणखी काही प्रकरणांची भर पडून १९६० मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १९६४ च्या कायद्याने वॉच कमिट्या संपल्या. त्यांच्या जागी आलेल्या पोलीस प्राधिकरणांत दोन तृतीयांश नगरसेवक आणि एक तृतीयांश मॅजिस्ट्रेट. चीफ कॉन्स्टेबलकडून ते अहवाल मागवू शकत. पण तो गृहमंत्र्याकडे दाद मागू शकत असे. १९६८ मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी एका निकालात म्हटलं की पोलीसप्रमुख फक्त कायद्याला बांधील आहे, कोणी त्याला अमुक कर किंवा करू नको असं सांगू शकत नाही. लिव्हरपूलच्या नॉट-बॉवरने हे वाचलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

त्याच लिव्हरपूलमध्ये जुलै १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगल पेटली. काळ्या तरुणांच्या मनात पोलिसांबद्दलचा संताप वर्षानुवर्षं साचलेला होता. पोलिसांनी जमावावर सीएस वायू वापरला. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर दंगल आवरण्यासाठी तो वापरण्याची ती पहिलीच वेळ. मार्गारेट सायमी ही तेव्हा मर्सीसाइडच्या पोलीस समितीची अध्यक्ष होती. वयाने सत्तरीच्या पुढची, आयुष्यभर टॉक्स्टेथच्या आसपास समाजकार्य केलेली बाई. पैसे आम्ही देतो तर हिशेबही आम्हाला मिळाला पाहिजे, असं ती चीफ कॉन्स्टेबल केनेथ ऑक्सफर्डला सांगत राहिली. आणि पोलिसांनी कसं काम करायचं हे समितीने ठरवायचं नाही, हे तो सांगत राहिला. १८९० मध्ये त्याच शहरातल्या कमिटीचा शब्द हा हुकूम होता. नव्वद वर्षांनी समितीच्या अध्यक्षेला प्रश्न विचारण्याचा हक्क होता, उत्तर मिळवण्याचा नव्हता. पुढे नॉर्थम्ब्रियाच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्टच केलं की स्थानिक प्राधिकरणाची संमती नसली तरी गृहमंत्री पोलिसांना प्लास्टिकच्या गोळ्या आणि सीएस वायू पुरवू शकतो.

आता इथे जी उलटापालट झाली ती मला फार बोलकी वाटते. ऐंशीच्या दशकात पोलिसांवर निवडून आलेल्यांचं नियंत्रण हवं, ही मागणी लेबर पक्षातल्या डाव्यांची होती आणि त्याने पोलिसांचं राजकारण होईल हे उत्तर कंझर्वेटिव्हांचं. २०११ मध्ये कंझर्वेटिव्हांनी निवडून येणारा कमिशनर आणला आणि पोलिसांचं राजकारण होईल म्हणून विरोध केला लेबरने. लॉर्ड्सच्या सभागृहात सरकारचा एकदा पराभवही झाला. मग कायदा झाल्यावर लेबरने उमेदवार उभे केलेच. माझ्या भाचीच्या वेस्ट मिडलंड्समध्ये लेबरचे बॉब जोन्स निवडून आले, आणि हे पदच नको असं त्यांचं स्वतःचं मत होतं. मतदाराने यातून काय समजावं? दोन्ही पक्षांनी पन्नास वर्षं आळीपाळीने त्याला एकच गोष्ट शिकवली होती: तुमच्या मताने पोलीस ठरले तर ते बिघडतील. त्याने ती शिकून घेतली.

भीती निराधार नव्हती, हे लवकरच दिसलं. बेटूस ज्या ग्वेंट क्षेत्रात येतं तिथे निवडून आलेल्या कमिशनरने सहा-सात महिन्यांत चीफ कॉन्स्टेबल बाईंना सांगितलं की निवृत्त व्हा, नाहीतर काढावं लागेल. त्या निवृत्त झाल्या. संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले, पण कायद्याने कमिशनरचं काही वाकडं होणार नव्हतं. लिंकनशायरमध्ये दुसऱ्या कमिशनरने आपल्या हंगामी चीफ कॉन्स्टेबलला निलंबित केलं. ते उच्च न्यायालयाने अविवेकी ठरवून रद्द केलं. रिकाम्या पेटीतून निघालेला अधिकार इतका मोठा होता.

अधिकार मोठा आणि तो काढून घेण्याची सोय जवळजवळ नाही. कमिशनरवर नजर ठेवायला स्थानिक नगरसेवकांचं एक पॅनल असतं. ते प्रश्न विचारू शकतं, कराचा आकडा दोन तृतीयांश मतांनी परत पाठवू शकतं. पण दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेल्याशिवाय त्याला निलंबितही करू शकत नाही. ही तरतूद वाचताना कंटाळा येतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिचा अर्थ साऱ्या देशाला कळला.

२६ ऑगस्टला प्राध्यापक अ‍ॅलेक्सिस जे यांचा रॉदरहॅमबद्दलचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात सुमारे १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झाल्याचा त्यांचा अंदाज होता. मुली पोलिसांकडे गेल्या होत्या. त्यांचं ऐकलं गेलं नव्हतं. कौन्सिलला कळवलं गेलं होतं; तेही वाया गेलं होतं. दक्षिण यॉर्कशायरचे कमिशनर शॉन राइट हे २००५ ते २०१० या काळात रॉदरहॅम कौन्सिलमध्ये मुलांच्या सेवांच्या खात्याचे प्रमुख सदस्य होते. पंतप्रधानांनी राजीनामा मागितला, गृहमंत्र्यांनी मागितला, त्यांच्या स्वतःच्या पक्षाने मागितला. त्यांनी पक्ष सोडला, पद सोडलं नाही. पॅनलच्या बैठकीत लोक आणि पीडित मुलींचे नातेवाईक समोर येऊन बोलले. पॅनलकडे विनंती करण्यापलीकडे काही नव्हतं. जवळजवळ तीन आठवड्यांनी, १६ सप्टेंबरला, ते गेले. कायद्याने नव्हे, लाजेने म्हणा किंवा दमून म्हणा.

मला वाटलं होतं, आता पोटनिवडणुकीला रांगा लागतील. ज्या पोलिसांनी लेकींचं ऐकलं नाही, त्यांच्यावर कोण नजर ठेवणार हे ठरवायचा दिवस होता तो. ३० ऑक्टोबर २०१४ ला मतदान झालं: जेमतेम १५ टक्के. दोन वर्षांपूर्वी होतं तसंच.

या आकड्यापाशी मी अडकलो तो आजतागायत. उदासीनता हा शब्द इथे लागू पडत नाही. त्या वर्षी रॉदरहॅमइतकं संतापलेलं गाव इंग्लंडात दुसरं नसेल. मला जे वाटतं ते असं: त्या लोकांचा अविश्वास मतदानावर नव्हता. तीच माणसं कौन्सिलच्या निवडणुकीला कितीतरी जास्त संख्येने जात होती. त्यांना अंतर दिसत होतं. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला आज ऐकून घेणारा माणूस हवा होता, आणि त्यांच्यासमोर ठेवला गेला तो लाखो लोकांमागे एक माणूस, तपासात ज्याने पडायचं नाही असा, आणि चुकला तर मुदत संपेपर्यंत ज्याला हलवता येत नाही असा. वेस्ट मिडलंड्समध्ये तर एका कमिशनरमागे सत्तावीस लाख वस्ती. तिथे बॉब जोन्स वारल्यावर त्याच ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली. मतदान १० टक्क्यांच्या थोडंसं वर. भाची तेव्हा सुट्टीला सांगलीला आलेली होती. "तिथे असते तरी गेले नसते," ती म्हणाली. तिच्या घरासमोरून सायकल चोरीला गेली होती. फोनवर तिला नोंद क्रमांक मिळाला होता, पोलीस कधी आलाच नव्हता. कमिशनरला मत देण्याचा आणि त्या सायकलीचा संबंध तिला लागत नव्हता. मलाही लावून दाखवता आला नाही.

उलट बाजूचं दोन ओळींत सांगायला हवं. कमिशनरांनी सगळंच वाया घालवलं असं नाही. गुन्ह्यांना बळी पडलेल्यांना मदत करणाऱ्या सेवांचं काम त्यांच्याकडे आलं आणि ते अनेक ठिकाणी नीट झालं. मतदानही वाढलं: २०१६ मध्ये पाव मतदारांच्या थोडं वर, २०२१ मध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पण त्या दिवशी कौन्सिलांच्या निवडणुकाही होत्या. एका कागदासाठी आलेल्याच्या हातात दुसरा कागद ठेवला तर तोही पेटीत पडतो. त्याच २०२१ मध्ये विल्टशायरमध्ये निवडून आलेल्या उमेदवाराला जुन्या गुन्ह्यामुळे पद घेता आलं नाही, ऑगस्टमध्ये एकट्या त्याच पदासाठी पुन्हा मतदान घ्यावं लागलं, आणि आकडा लगेच १७ टक्क्यांच्या आत आला.

गेल्या वर्षी, दिवाळीचे कंदील उतरून काही दिवस झाले होते, तेव्हा १३ नोव्हेंबरला ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की ही पदं मे २०२८ मध्ये संपवायची. जिथे महापौर आहेत तिथे काम त्यांच्याकडे जाईल, बाकी ठिकाणी कौन्सिलांच्या नेत्यांच्या मंडळाकडे. म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची समिती पोलिसांवर देखरेख ठेवणार. बातमी वाचताना मला १८३५ आठवलं, आणि पाठोपाठ नॉटिंगहॅमचा पॉपकेस. हुकूम देण्याचा जुना अधिकार अर्थात या मंडळांना कोणी परत देणार नाही.

भाचीला फोन केला. ती आता तिथली नागरिक आहे, तिची मोठी मुलगी शाळेत जाते. कमिशनर रद्द होणार हे तिने ऐकलं नव्हतं. सध्याचा कमिशनर कोण, असं मी विचारलं तर म्हणाली, "थांबा, बघून सांगते." मग स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेलं आणि ते राहूनच गेलं.

माझ्या जुन्या लेखाची एक प्रत माझ्याकडे आहे. मुंबईला लोकशाही नियंत्रण नाकारलं गेलं, या वाक्याखाली मी बारा वर्षांपूर्वी पेन्सिलीने रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. नाकारलं गेलं हे खरंच आहे. फिरोजशहांचं भांडण योग्यच होतं. पण मिळालं असतं तर गिरगावातल्या किंवा कामाठीपुऱ्यातल्या माणसाला शिपायाच्या दंडुक्यापुढे त्याचा काय उपयोग झाला असता, हे मला लिव्हरपूल आणि रॉदरहॅम वाचूनही ठरवता आलेलं नाही. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आहे.